परवाना आणि साक्ष : स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांवरील कोशनोंदींच्या संपादन-संकेतांचा विचार

१

कोशवाङ्मयाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा थोर संपादकांकडे आणि खंडांच्या संख्येकडे जाते. नोंद या लेखनप्रकाराची घडण, तिच्यात काय घ्यावे व काय गाळावे याविषयीचे संकेत आणि त्या संकेतांमागील ज्ञानविषयक धारणा यांचा विचार त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. वस्तुतः चरित्राला किंवा बखरीला जशी स्वतःची रचना असते तशी ती नोंदीलाही असते. नोंद आपला विषय केवळ वर्णीत नाही, तर तो कोठे सुरू होतो, कोठे संपतो आणि कोणत्या नावाने ओळखला जातो हेही ठरवते. या दृष्टीने पाहता संपादन-संकेतांचा इतिहास हा वाङ्मयेतिहासाचाच एक भाग ठरतो.

छापील कोशात नोंदींची निवड करणारा सर्वांत कठोर संपादक म्हणजे पृष्ठमर्यादा. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी १९२०च्या दशकात 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे २३ खंड सिद्ध केले, तेव्हा वर्णानुक्रमी नोंदींपूर्वी पाच प्रस्तावनाखंड घालून त्यांनी आपली इतिहासदृष्टी उघडपणे मांडली. १९७६ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झालेल्या 'मराठी विश्वकोशा'त तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि त्यांच्या संपादक मंडळाने निवडीची जबाबदारी संस्थेच्या वतीने स्वीकारली. दोन्ही ठिकाणी निवड करणारा वाचकाला ठाऊक होता. अशा कोशांत दूरचित्रवाणी या माध्यमाला जागा मिळणे स्वाभाविक होते. एखाद्या मध्यम शहरातील एका केंद्राला स्वतंत्र नोंद द्यावी काय, हा प्रश्न तेथे उद्भवतच नव्हता.

१५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या विकिपीडियाने पृष्ठमर्यादा नाहीशी केली आणि नामवंत संपादकालाही रजा दिली. तटस्थ दृष्टिकोन, पडताळणीक्षमता आणि प्रथम संशोधनास मज्जाव या तीन तत्त्वांवर, आणि पुढे उल्लेखनीयतेच्या निकषावर, निवडीचा भार येऊन पडला. या निकषांची खरी कसोटी मोठ्या विषयांत लागत नाही. ती सीमेवरच्या विषयांत लागते. इंग्रजी विकिपीडियातील अमेरिकन स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रांच्या नोंदी हे अशा सीमाविषयाचे उत्तम उदाहरण होय. त्यांच्या आधारे येथे दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे : केंद्राची ओळख कशात असते आणि त्याचा इतिहास कोणाच्या साक्षीने लिहावा?

२

या नोंदींची घडण समजण्यासाठी अमेरिकन प्रसारणाची कायदेशीर बैठक ध्यानात घ्यावी लागते. १९२७च्या कायद्याने तेथे रेडिओ आयोग स्थापन झाला आणि १९३४च्या कायद्याने त्याची जागा संघीय दळणवळण आयोगाने घेतली. प्रसारणलहरी सार्वजनिक मालकीच्या मानल्या गेल्या आणि त्या वापरण्याचा मुदतबंद परवाना खासगी संस्थांना मिळू लागला. हा परवाना एका विशिष्ट नगराच्या नावाने दिला जाई. प्रत्येक केंद्राला परिचयाक्षरे, म्हणजे व्यवसायातील कॉल लेटर्स, मिळत. सामान्यतः मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडील नावे 'डब्ल्यू'ने आणि पश्चिमेकडील 'के'ने सुरू होत. पिट्सबर्गचे केडीकेए हा या नियमाचा प्रसिद्ध अपवाद.

सप्टेंबर १९४८ मध्ये आयोगाने नव्या परवान्यांना स्थगिती दिली. एप्रिल १९५२ मध्ये ती उठली, तेव्हा १४ ते ८३ क्रमांकांच्या ७० नव्या अतिउच्च कंप्रतेच्या वाहिन्या खुल्या झाल्या. मात्र लोकांच्या घरातील बहुसंख्य संचांवर त्या दिसत नसत. त्यासाठी वेगळे जोडयंत्र घ्यावे लागे. सर्व वाहिन्या पकडणारे संच बनवण्याची सक्ती करणारा कायदा १९६२ मध्ये झाला. तोवर या वाहिन्यांवरील कित्येक केंद्रे काही महिन्यांत किंवा थोड्या वर्षांत बंद पडली होती. त्यांच्या मागे उरले ते परवान्याचे कागद, प्रक्षेपकाची शक्ती, मनोऱ्याची उंची आणि मालकाचे नाव.

ही माहिती सरकारी दप्तरात होती, तशीच ती १९३५ पासून निघू लागलेल्या प्रसारण-व्यवसायाच्या वार्षिकांतही होती. या वार्षिकांची मांडणी राज्य, नगर, केंद्र, वाहिनी, मालक अशी निर्देशिकेची होती. विकिपीडियाच्या नोंदलेखकांना हे साहित्य आयतेच मिळाले आणि नोंदींचा पहिला साचा त्यातूनच तयार झाला. उजवीकडे तांत्रिक तपशिलांची चौकट, पहिल्या वाक्यात परिचयाक्षरे, वाहिनी, नगर व संलग्न प्रसारणजाळे, पुढे मालकी बदलल्याच्या तारखा आणि अखेरीस वृत्तनिवेदकांची यादी असे या नोंदींचे रूप होते. तो गद्यात ओतलेला परवानाच होता.

त्या काळातील उल्लेखनीयतेचा संकेतही याला अनुरूप होता. शासनाचा परवाना असलेले, हवेतून प्रसारण करणारे आणि कार्यक्रमांचा काही भाग तरी स्वतःच्या स्टुडिओत निर्माण करणारे केंद्र सामान्यतः नोंदीस पात्र मानले जाई. दुसऱ्या केंद्राचे कार्यक्रम जसेच्या तसे पुढे पाठवणाऱ्या पुनःक्षेपण केंद्राचा निर्देश मूळ केंद्राच्या नोंदीतच करावा असे ठरले. दैनंदिन कार्यक्रमपत्रिका, जाहिरातवजा घोषणा, दूरध्वनी क्रमांक यांना मज्जाव झाला. निवेदकांच्या याद्यांत ज्यांच्याविषयी स्वतंत्र नोंद किंवा आधार आहे अशीच नावे ठेवावीत, असाही दंडक आला. या सर्व नियमांतून कोशाला निर्देशिकेपासून वेगळे काढण्याचा प्रयत्न दिसतो. मात्र नोंदीचा पाया निर्देशिकेचाच राहिला, आणि ही विसंगती पुढे वारंवार डोके वर काढत राहिली.

३

पहिला पेच ओळखीचा. एका केंद्राची परिचयाक्षरे बदलतात, वाहिनीचा क्रमांक बदलतो, मालक बदलतो, प्रसारणजाळे बदलते. मग नोंदीचा विषय नेमका कोणता?

पिट्सबर्ग येथे जानेवारी १९४९ मध्ये ड्युमाँट कंपनीचे डब्ल्यूडीटीव्ही सुरू झाले. १९५४ मध्ये वेस्टिंगहाउसने ते विकत घेतले आणि पुढल्या वर्षी आपल्या नामांकित रेडिओ केंद्राचे केडीकेए हे नाव त्याला दिले. डब्ल्यूडीटीव्ही ही अक्षरे पुढे वेस्ट व्हर्जिनियातील एका निराळ्याच केंद्राने घेतली. ऑरेगनमधील पोर्टलंडचे केपीटीव्ही हे सप्टेंबर १९५२ मध्ये २७ क्रमांकावर सुरू झालेले अतिउच्च कंप्रतेवरील पहिले व्यापारी केंद्र. १९५७ मध्ये ते १२ क्रमांकावर आले. त्या क्रमांकावर आधी केएलओआर नावाचे केंद्र होते. नाव एकाचे टिकले, वाहिनी दुसऱ्याची टिकली. इतिहास कोणाचा सांगावा?

डेट्रॉइटचे उदाहरण अधिक बोलके आहे. 'डेट्रॉइट न्यूज' या दैनिकाच्या मालकसंस्थेने १९४७ मध्ये चार क्रमांकाच्या वाहिनीवर डब्ल्यूडब्ल्यूजे हे दूरचित्रवाणी केंद्र सुरू केले. एकाच शहरात एकाच मालकाकडे वृत्तपत्र आणि केंद्र दोन्ही असण्यास आयोग मनाई करील या भीतीने त्या संस्थेने १९७८ मध्ये आपले केंद्र देऊन वॉशिंग्टनमधील एक केंद्र अदलाबदलीने घेतले. डेट्रॉइटच्या केंद्राचे नाव डब्ल्यूडीआयव्ही झाले. दरम्यान २९ सप्टेंबर १९७५ रोजी त्याच शहरात ६२ क्रमांकावर डब्ल्यूजीपीआर हे केंद्र सुरू झाले होते. विल्यम बँक्स आणि त्यांच्या कृष्णवर्णीय मेसन बंधुसंघाने उभारलेले हे अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील कृष्णवर्णीयांच्या मालकीचे पहिले दूरचित्रवाणी केंद्र. १९९४ मध्ये संलग्नतांच्या मोठ्या उलथापालथीत सीबीएस हे प्रसारणजाळे डेट्रॉइटमध्ये निराधार झाले. त्याने डब्ल्यूजीपीआर विकत घेण्याचा करार केला आणि १९९५ मध्ये त्याला डब्ल्यूडब्ल्यूजे हे नाव दिले.

म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूजे या एका नावाखाली एकाच शहरात दोन भिन्न केंद्रे होऊन गेली, आणि ६२ क्रमांकाच्या एका परवान्याखाली दोन भिन्न संस्था नांदल्या. विकिपीडियाचा रूढ संकेत असा की नोंदीचे शीर्षक चालू परिचयाक्षरांवरून द्यावे आणि इतिहासाचा धागा परवान्याच्या सातत्याने जोडावा. हा संकेत सोयीचा आहे आणि वादाच्या वेळी निर्णायकही ठरतो, कारण परवान्याचे सातत्य कागदावर सिद्ध करता येते. परंतु त्याचे वाङ्मयीन परिणाम दूरवर जातात. बँक्स यांच्या केंद्राने 'द सीन' हा स्थानिक नृत्यकार्यक्रम चालवला, शहरातील कृष्णवर्णीय तरुणांना कॅमेऱ्यामागे उभे केले आणि पैशाच्या चणचणीत वीस वर्षे तग धरला. हे सारे या संकेतानुसार एका प्रसारणजाळ्याच्या मालकीच्या केंद्राचा 'पूर्वेतिहास' होऊन बसते. शीर्षक उत्तरकालीन मालकाचे, आणि ज्यांच्यामुळे केंद्राला महत्त्व आले ते एका उपशीर्षकाखाली. डब्ल्यूजीपीआरच्या जुन्या स्टुडिओत २०१७ मध्ये संग्रहालय उघडले आणि २०२१ मध्ये त्या इमारतीची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली. शहराच्या स्मरणात दोन केंद्रे आहेत. परवान्याच्या लेखी एकच आहे.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला हा प्रश्न परका वाटू नये. पोथीचे सातत्य, संहितेचे सातत्य आणि संप्रदायाचे सातत्य या तीन गोष्टी नेहमी एकत्र नांदत नाहीत. संपादक कोणते सातत्य प्रमाण मानतो यावर ग्रंथाचा इतिहास बदलतो.

४

दुसरा पेच साक्षीचा. परवाना केंद्राचे अस्तित्व सिद्ध करतो. केंद्राने लोकांच्या आयुष्यात काय केले, हे तो सांगत नाही. ते सांगू शकले असते केंद्राचे स्वतःचे कार्यक्रम. परंतु आरंभीचे प्रसारण बव्हंशी थेट असे, आणि १९५६ मध्ये ध्वनिचित्रफीत आल्यावर ती इतकी महाग होती की पुसून पुन्हा वापरण्याची रीत सर्वत्र पडली. स्थानिक बातम्यांचे १६ मिलिमीटरचे वृत्तपट काही ठिकाणी विद्यापीठांनी सांभाळले. अटलांटाच्या डब्ल्यूएसबी केंद्राचा जॉर्जिया विद्यापीठातील संग्रह हे त्याचे उदाहरण. अनेक ठिकाणी मात्र ते नष्ट झाले. परिणामी रोज बोलणारी ही संस्था इतिहासासमोर जवळजवळ मुकी उभी राहते. तिच्याविषयी जे लिहिले गेले तेच उरते, आणि ते लिहिणारे बहुधा तिचे प्रतिस्पर्धी वृत्तपत्र असते, किंवा तिचे विरोधक.

मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथील डब्ल्यूएलबीटी या केंद्राचा इतिहास या बाबतीत मार्गदर्शक आहे. हे केंद्र १९५३ मध्ये सुरू झाले. त्याच्या प्रक्षेपणक्षेत्रातील सुमारे ४५ टक्के लोक कृष्णवर्णीय होते, पण केंद्राने वंशभेदाच्या बाजूने प्रचार केला आणि नागरी हक्कांची बाजू पडद्यावर येऊ दिली नाही. १९५५ मध्ये विधिज्ञ थर्गुड मार्शल यांच्या सहभागाचा राष्ट्रीय कार्यक्रम मध्येच तोडून तांत्रिक बिघाडाची पाटी दाखवली गेल्याचा आरोप तक्रारीत नमूद आहे. १९६४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या धर्मसंस्थेचे एव्हरेट पार्कर, जॅक्सनचे नागरिक आर. एल. टी. स्मिथ आणि मिसिसिपीतील नागरी हक्क चळवळीचे नेते एरन हेन्री यांनी परवान्याच्या नूतनीकरणास आव्हान दिले. त्यासाठी स्वयंसेवकांनी मार्च १९६४ मध्ये एक आठवडाभर केंद्राचे कार्यक्रम पाहून त्यांची टिपणे ठेवली. कोण बोलले, किती वेळ बोलले, कृष्णवर्णीयांचा उल्लेख कोणत्या शब्दांत झाला, हे त्यांनी लिहून काढले. प्रेक्षकांना अशी तक्रार करण्याचा अधिकारच नाही, अशी आयोगाची भूमिका होती. १९६६ मध्ये अपील न्यायालयाने न्यायमूर्ती वॉरन बर्गर यांच्या निकालाने ती फेटाळली. १९६९ मध्ये त्याच न्यायालयाने परवान्याचे नूतनीकरण रद्द ठरवले. १९७१ पासून एका ना-नफा संस्थेने केंद्र तात्पुरते चालवले, आणि १९७२ मध्ये विल्यम डिल्डे या कृष्णवर्णीय व्यवस्थापकाकडे त्याची सूत्रे आली.

डब्ल्यूएलबीटीवर आज सविस्तर, साधार नोंद लिहिता येते, याचे कारण तो खटला. ती टिपणे, साक्षी आणि निकालपत्रे नसती तर उरला असता केवळ परवाना, आणि त्यावरून लिहिलेली नोंद निर्दोष व निष्पाप दिसली असती. दक्षिणेतील ज्या केंद्रांविरुद्ध कोणी असा खटला लढला नाही, त्यांच्या नोंदींतील शांतता कशी वाचावी? तटस्थतेचे तत्त्व 'उपलब्ध साधनांतील मतांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे' असे सांगते. साधनेच एकतर्फी असतील तर तटस्थ नोंदही एकतर्फी होते, आणि तसे झाल्याची खूण वाचकाला कोठेही दिसत नाही.

भाषेचा प्रश्न याला जोडूनच येतो. १९५५ मध्ये टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे राऊल कोर्तेस यांनी ४१ क्रमांकावर केसीओआर हे देशातील पहिले स्पॅनिश भाषिक दूरचित्रवाणी केंद्र काढले. ज्या वाहिनीसाठी वेगळे जोडयंत्र लागते तिच्यावर, आणि ज्यांच्याकडे असे यंत्र घेण्याची ऐपत कमी अशा प्रेक्षकांसाठी, त्यांनी हा प्रयोग केला. १९६१ मध्ये केंद्र विकले गेले आणि केडब्ल्यूईएक्स झाले. युनिव्हिजन या मोठ्या जाळ्याच्या इतिहासाचा एक उगम येथे आहे. अशा केंद्राची समकालीन साक्ष स्पॅनिश वृत्तपत्रांत, चित्रपट व नाट्यकलावंतांच्या आठवणींत आणि सीमेपलीकडील मेक्सिकन प्रसारणाच्या इतिहासात शोधावी लागते. इंग्रजी वार्षिकात त्याला एक ओळ मिळते. विकिपीडियाचे नियम परभाषेतील साधने अमान्य करीत नाहीत. पण नोंदलेखक ज्या भाषेत शोधतो तीच भाषा व्यवहारात प्रमाण ठरते.

५

परवान्यावर उभारलेला साचा कायदा आणि तंत्रज्ञान या दोन्ही बाजूंनी ढासळू लागला. १२ जून २००९ रोजी अमेरिकेतील पूर्ण शक्तीच्या केंद्रांचे सदृश प्रसारण थांबले. पडद्यावर दिसणारा क्रमांक आणि प्रत्यक्ष वापरातील वाहिनी वेगळी झाली, आणि एका परवान्यातून अनेक उपवाहिन्या निघू लागल्या. २०१६-१७च्या लिलावात काही केंद्रांनी आपली वाहिनी परत दिली व दुसऱ्या केंद्राच्या वाहिनीत भागीदारी पत्करली. ऑक्टोबर २०१७ मध्ये आयोगाने जवळजवळ ऐंशी वर्षांचा जुना नियम रद्द केला : आपल्या नगराजवळ मुख्य स्टुडिओ ठेवण्याचे बंधन केंद्रांवर उरले नाही. 'स्वतःच्या स्टुडिओत काही कार्यक्रमनिर्मिती' हा कोशाचा जुना निकष ज्या गृहीतावर टेकला होता ते गृहीतच अशा रीतीने निसटले. शेकडो मैलांवरून चालवल्या जाणाऱ्या आणि जाळ्याचे कार्यक्रम नुसते ओतणाऱ्या कमी शक्तीच्या केंद्राजवळही परवाना असतो. त्याला 'स्थानिक' का म्हणावे, हा प्रश्न अटळ झाला.

त्यानंतरच्या वर्षांत विकिपीडियात परवान्यावरून पात्रता गृहीत धरण्याची प्रथा मागे पडली आणि स्वतंत्र, विश्वसनीय साधनांत विषयाची सविस्तर दखल घेतलेली असावी हा सर्वसाधारण निकष केंद्रांनाही लागू करण्याकडे कल वाढला. कमी शक्तीच्या अनेक केंद्रांच्या नोंदी वगळल्या गेल्या किंवा मालकसंस्थेच्या याद्यांत विलीन झाल्या. दुसऱ्या बाजूस जुन्या वृत्तपत्रांच्या अंकीय प्रती आणि आयोगाची जुनी टंकलिखित पत्रके उपलब्ध झाल्याने काही केंद्रांच्या नोंदी खऱ्या इतिहासलेखनाच्या पातळीवर पोहोचल्या. १९५०च्या दशकात वर्षभरही न टिकलेल्या केंद्रांवर कित्येक पानांच्या, तळटीपांनी भरलेल्या नोंदी तयार झाल्या. निर्देशिकेकडून इतिहासाकडे झालेला हा प्रवास स्वागतार्हच आहे.

मात्र त्याची किंमतही मोजली पाहिजे. परवान्याचा निकष अतिरेकी उदार होता. त्याने यंत्रवत नोंदींचा ढीग घातला. तरी त्यात एक समता होती, कारण श्रीमंत शहराच्या केंद्राला आणि वाळवंटातल्या गावाच्या केंद्राला तो सारखाच मोजत असे. साक्षीचा निकष अधिक विवेकी आहे, पण ज्या गावात सशक्त वृत्तपत्र होते, ज्या वृत्तपत्राने केंद्राची दखल घेतली आणि ज्याचे जुने अंक अंकीय झाले, त्याच गावाच्या केंद्राला तो न्याय देतो. छोट्या शहरांतील वृत्तपत्रे एकामागून एक बंद पडत असताना हा निकष भावी विस्मृतीचे वाटप आजच करून ठेवतो.

६

भारतीय संदर्भात हे संकेत जसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि तसे लावले गेल्यास विषयच हरवतो. येथे दूरचित्रवाणी केंद्राला वेगळा परवाना नव्हता. दिल्ली (१९५९), मुंबई (१९७२) इत्यादी केंद्रे एकाच शासकीय यंत्रणेची अंगे होती, आणि १ एप्रिल १९७६ पर्यंत तर ती आकाशवाणीचाच भाग होती. परवान्यावरून ओळख ठरवायची झाल्यास देशात एकच केंद्र मानावे लागेल. साक्षीवरून ठरवायची झाल्यास गुजरातमधील खेडा जिल्ह्याच्या पिज गावचे केंद्र आठवावे. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राच्या देखरेखीखाली १९७५ मध्ये सुरू झालेल्या या छोट्या प्रक्षेपकावरून चरोतर भागातील बोलीत, शेतमजूर व सावकार यांच्या संबंधांसारख्या विषयांवर मालिका दाखवल्या गेल्या. १९८४ मध्ये ग्रामीण संज्ञापनाचा युनेस्कोचा पुरस्कार त्याला मिळाला, आणि १९८०च्या दशकाच्या मध्यास ते बंद झाले. त्याच्यावरचे अभ्यास बहुतेक इंग्रजीत आणि संज्ञापनशास्त्राच्या परिभाषेत आहेत. प्रेक्षकांची साक्ष गुजरातीत, आणि पुष्कळशी अलिखित. पिजची नोंद केवळ 'प्रयोग' म्हणून लिहायची की खेड्यांनी आपले म्हणून पाहिलेले केंद्र म्हणून लिहायची, हे साधनांच्या भाषेवर अवलंबून राहते.

कोशाने अलिखित आठवणी थेट स्वीकाराव्यात असे येथे सुचवायचे नाही. पडताळणीचा आग्रह सोडल्यास कोश उरणार नाही. परंतु साक्षीदार कोण आहे हे सांगण्याचे बंधन संपादन-संकेतांत घालता येते. मराठी गद्याच्या आरंभीच याचा वस्तुपाठ आढळतो. 'लीळाचरित्र' सिद्ध करताना म्हाइंभटांनी ज्याने प्रसंग पाहिला त्याच्याकडे जाऊन तो मिळवला. त्या ग्रंथाच्या पोथ्यांत एकाच लीळेचे भिन्न पाठ 'वासना' म्हणून, काही ठिकाणी सांगणाऱ्याच्या नावानिशी, नोंदवलेले दिसतात. पाठ एकरूप करण्याचा मोह तेथे टाळला आहे.

स्थानिक केंद्रावरील नोंदीसाठी यातून दोन साधे संकेत निघतात. नाव, मालक आणि प्रेक्षकवर्ग हे तिन्ही एकाच वेळी बदलले असतील, तर परवाना एकच असूनही दोन स्वतंत्र नोंदी असाव्यात. डेट्रॉइटचे बँक्स यांचे केंद्र आपल्याच नावाखाली सापडले पाहिजे. आणि इतिहासाचा एखादा भाग एकाच पक्षाच्या साधनांवर उभा असेल, तर ते मजकुरातच म्हटले पाहिजे, तळटीपेत नव्हे. जॅक्सनच्या स्वयंसेवकांनी १९६४ मध्ये घरोघरी संचासमोर बसून ठेवलेली टिपणे न्यायालयाने अखेर पुरावा म्हणून वाचली. त्या आठवड्यात त्या शहरात काय दाखवले गेले हे आज कळते ते त्या टिपणांमुळे. आधीच्या दहा वर्षांविषयी नोंदीत जे येते ते बहुतांशी केंद्राच्या दप्तरातून आलेले आहे, आणि वाचकाला तो फरक कळला पाहिजे.